जिवंत असल्याची खूण

४ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं येऊन कॉम्प्युटर मांडून गेलात, त्याला आठवडा झाला. यंत्र टेबलावर बसलंय आणि मी त्याच्यासमोर. अजून कोणी कोणाला हात लावलेला नाही.

चिरंजीवांनी जाताना घातलेली अट मी विसरलो नाही. वीजबिल, डॉक्टरांची वेळ, कागद जोडून मेल आणि कारखान्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला, एवढी कामं ऑक्टोबर संपायच्या आत कोणाच्या मदतीशिवाय जमली पाहिजेत. जमली तर मी इथे राहायचं, नाही जमली तर घराला कुलूप लावून कायमचं तुमच्याकडे. त्याचं चुकतंय असं नाही. बिलाच्या रांगेत मला चक्कर आली तेव्हापासून तो धास्तावलाय, आणि आता तर ती बिलाची खिडकीच बंद झाली.

पण तुला स्पष्ट लिहितो, मला इथेच राहायचंय. जन्मभर कारखान्यात कुलपं जोडली, निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीच्या खिडकीत किल्ल्या घासायला बसलो. रोज दोन-तीन माणसं तोंड पाडून येतात आणि हसत जातात. तुमच्या आठव्या मजल्यावर किल्ली हरवून माझ्याकडे कोण येणार?

तेव्हा तू मला शिकव, पण पत्राने. फोनवर एकतर मला नीट ऐकू येत नाही, आणि चिरंजीव नुसते "इथे दाबा, तिथे दाबा" करतात. "इथे" म्हणजे कुठे हे फोनला कसं दिसणार? उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. कागद असला की शेजारी ठेवून सावकाश करता येईल. लोभ आहेच, उत्तराने तो वाढेल.

तुझे,
बाबा

---

१२ जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. नव्या लोकांना कॉम्प्युटर शिकवणं हेच माझं काम, पण आपण यंत्राला घाबरतो हे इतक्या सरळ सांगणारा विद्यार्थी पहिल्यांदाच मिळाला.

सगळ्यात आधी भीती घालवू. कंट्रोल नावाचं बटण दाबून धरायचं आणि Z दाबायचं. लिहिताना शेवटची जी चूक झाली असेल ती पुसली जाते. अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल धरून अधिकची खूण दाबा, चष्मा शोधायला नको. लांबलचक पानावर एखादा शब्द सापडत नसेल तर कंट्रोल आणि F दाबून तो शब्द लिहा, यंत्र स्वतः शोधून देतं.

बिल भरायचं तर वीज कंपनीचा पत्ता वरच्या पट्टीत स्वतः टाइप करा. "आज वीज तोडणार, इथे दाबा" असे निरोप येतील, त्यांना भीक घालू नका. आणि पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द सलग लिहिले तरी पुरे. प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा. मलाही एकदा कळवून ठेवा, अडीअडचणीला बरा.

एक बारीकशी गोष्ट. काम झालं की यंत्र लगेच बंद करू नका. तासभर चालू राहू द्या, त्याला आपली आवराआवर करायची असते. तुमचे चिरंजीव ठीक आहेत, फक्त ऑक्टोबर कधी येतो ते मोजत असतात. तब्येतीला जपा, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सूनबाई

---

२० जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

बातमी मोठी आहे. वीजबिल भरलं! ग्राहक क्रमांक टाकताना डोळ्यांपुढे आकडे नाचत होते, शेवटी कंटाळून चहाला उठलो. परत येऊन बघतो तर पावती तयार. बहुतेक उठताना बटण दाबलं गेलं असावं. डॉक्टरांची वेळही तशीच मिळाली. मेल मात्र तुला कागद न जोडताच पाठवली, ते तू कळवलंसच. पाकीट चिकटवून झाल्यावर पत्र टेबलावर सापडावं तसं झालं. आता आधी कागद जोडतो, मग मजकूर लिहितो, आणि पत्ता सगळ्यात शेवटी. दुसऱ्यांदा बरोबर गेली ना?

पासवर्डचं तेवढं माफ कर. चार शब्द निवडलेत, पण ते तुला सांगणार नाही. रागावू नकोस. आमच्या धंद्यात मालक समोर उभा असल्याशिवाय दुसरी किल्ली घासत नाहीत, आणि गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल तर आम्ही कधीच घरात ठेवत नाही. मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही, हात तसे वळतच नाहीत.

चिरंजीवांना सांग, फक्त हयातीचा दाखला राहिलाय. म्हातारा बाजी मारतोय. आमची आठवण काढत जा, आम्हीही काढतो.

तुझे,
बाबा

---

२ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मेल आली, कागदही आला. शाबास म्हणायचा मान माझा नाही, तरी म्हणते.

हयातीच्या दाखल्याचं पान लांब आहे पण अवघड नाही. नाव, पेन्शन क्रमांक, पत्ता भरत खाली या. मध्येच सोडावं लागलं तर "जतन करा" दाबा, लिहिलेलं वाया जात नाही. सगळ्यात शेवटी "मी हयात आहे" असं लिहिलेला एक चौकोन असतो. त्यात माऊसने खूण करायची आणि "पाठवा" दाबायचं. संपलं. पोचपावती साठवून ठेवा, आणि कुठे साठवली ते लक्षात ठेवा. निम्मं जग फाइल साठवतं आणि मग घरभर शोधतं.

सावकाश करा, घाई नाही. यंत्र तेवढं चालू राहू द्या. तुमचा लोभ आहे तोवर मला शिकवायचा कंटाळा येणार नाही.

तुमची,
सूनबाई

---

१५ सप्टेंबर

सूनबाई,
आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

बिलाची पावती परवा नीट पाहिली. ग्राहक क्रमांकातले दोन आकडे मी उलटे लिहून घेतले होते, त्याच कागदावरून टाइप केले होते. पावतीवर ते बरोबर आहेत. यंत्राला माझा मीटर कुठून माहीत? मग आठवलं, एकदा मी माऊसला हात लावलेला नसताना पडद्यावरचा बाण सरकला होता. मी समजलो टेबल हललं.

कुलूप कोणी उघडतंय असा संशय आला की आम्ही दाराच्या फटीत काडी अडकवतो. दार उघडलं की काडी पडते. मी तेच केलं. हयातीचा दाखला सगळा भरला, शेवटचा चौकोन मुद्दाम कोरा सोडला, "जतन करा" दाबलं आणि यंत्र चालू ठेवून बाजारात गेलो. भाजी घेऊन आलो तर दाखला गेलेला. मी कोथिंबीर निवडत असताना तू मला जिवंत ठरवून मोकळी झालीस.

म्हणजे बिल तू भरलंस, डॉक्टरही तूच गाठलास, आणि मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढत गल्लीभर मिरवलो. आवराआवर कोणाची चालली होती ते आता कळलं. मी किल्ली दिली नाही, तर तू आधीच एक ठेवून घेतली होतीस.

मला राग आलाय. पण रागापेक्षा एक विचार जास्त छळतोय, तो विचारूनच टाकतो. नवरा मला तिकडे न्यायला बघतो आणि तू मला चोरून इथे पास करतेस. मी तुझ्या घरी यायला नको आहे का? तसं असेल तर लिही. मला वाईट वाटेल, पण समजेल.

बाबा

---

२३ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचा तर्क सगळा बरोबर आहे, प्रश्न सोडून. कॉम्प्युटर मांडताना आम्ही त्यात दुरून बघायचा एक प्रोग्रॅम बसवला होता. कधी अडलंत तर मदतीला, म्हणून. तुम्हाला सांगायचं राहिलं म्हणत नाही, सांगितलं नाही. तुमच्या चिरंजीवांनी तो एकदाही उघडला नाही. मी उघडला.

माझ्या वडिलांना भावाने आपल्याकडे नेलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीसुद्धा. खोली चांगली होती, खिडकीतून सूर्य यायचा. वडील न्हावी होते, गप्पांशिवाय त्यांचा हात चालायचा नाही. तिथे बोलायला कोणी नव्हतं. दर भेटीत ते थोडे कमी बोलायचे. शेवटच्या वर्षी मला विचारायचे की दुकान उघडायची वेळ झाली का. बाबा, मला ते दुसऱ्यांदा बघायचं नाही. तुम्ही नको आहात म्हणून नाही, तुम्ही तसे व्हायला नको म्हणून मी ते केलं.

तरीही तुमच्या घरात न विचारता शिरले. प्रोग्रॅम कसा काढायचा ते मागच्या पानावर लिहिलंय. त्यातच दुसरीही एक सोय आहे, "प्रत्येक वेळी परवानगी विचारा" अशी. काय करायचं ते तुम्ही ठरवा. रागावा, पण बोलणं सोडू नका.

तुमची,
सूनबाई

---

१९ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर खिडकी उघडली नाही. न्हावीबुवांना मी लग्नात पाहिलेलं. जेवणाच्या पंक्तीतही त्यांनी मला दाढीवरून टोकलं होतं. तुझ्यावर उगाच आळ घेतला, मला त्याचं फार वाईट वाटतं.

पेन्शन कार्यालयाला स्वतः मेल लिहिली की पहिला दाखला माझ्या हातचा नाही, रद्द करा. तिथल्या बाईंनी फोन करून विचारलं, "आजोबा, पण तुम्ही जिवंत आहात ना?" मी म्हटलं, आहे, पण भरेन मीच. दुसरा दाखला भरायला तीन दुपारी गेल्या. दोनदा पान उडालं, एकदा मी. शेवटी चौकोनात खूण केली आणि पोचपावती आली. कुठे साठवली ते अजून सापडलेलं नाही.

मग चिरंजीवांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बिल मी भरलं नाही, डॉक्टरांची वेळ मी घेतली नाही, मेल दुसऱ्या खेपेला जमली, दाखला तेवढा माझा. खोट्या किल्लीने उघडलेल्या घरात मला राहता आलं नसतं. त्याने विचारलं, मग सामान बांधायला कधी येऊ? मी म्हटलं, तो चौकोन मला भरता येणार नाही त्या वर्षी ये.   तो म्हणाला, ठीक आहे, पण दर वर्षी मला दाखवून भरायचा. म्हणजे आता वर्षातून एकदा दोन ठिकाणी हयाती सिद्ध करायची, कारखान्याकडे आणि पोटच्या पोराकडे. मी कबूल केलंय.

नोव्हेंबरचं बिल यायचंय आणि त्या आकड्यांची मला अजून धास्ती वाटते. प्रोग्रॅम काढलेला नाही. परवानगीची सोय मात्र चालू केली. तू आलीस की पडद्यावर प्रश्न येईल, आणि "हो" मी दाबेन. लोभ असावाच, पण दार वाजवून.

तुझे,
बाबा