हिचा आणि कॉम्प्युटरचा डाव

३ फेब्रुवारी

गेला! ऐन डावात कॉम्प्युटर बंद पडला. हिने आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याचा वजीर मारला होता. पडदा काळाठिक्कर — आणि हिचं तोंड बघण्यासारखं! "घाबरला मेला," म्हणाली.

रोज दुपारी त्याच्याशी बुद्धिबळ खेळते. एकदाही जिंकलेली नाही. "एकदा हरवू दे, मग खुशाल भंगारात द्या."

४ फेब्रुवारी

खोलून पाहिला. जन्मभर पाण्याचे पंप खोलले, हा काय मला खातोय? पंख्यावर धुळीची ही जाड गोधडी! दाढीच्या ब्रशने झाडली. आत काय सुबक मांडणी! कुठली तार कुठे जाते ते बघत दोन तास बसलो, चहा गार झाला. चालू केला. वीस मिनिटं चालला, पुन्हा ढिम्म.

६ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेला.

"काका, याचं वय झालं. नवा घ्या."

"वय माझंही झालंय. मलाही बदलायचं?"

हसल्या. भिंगाखाली आतला बोर्ड दाखवला — नखाएवढे डबे, कपॅसिटर म्हणे, त्यातल्या दोघांची पोटं फुगलेली. काय गंमत! बदलून देईन म्हणाल्या, पण किती टिकेल ते सांगत नाहीत.

७ फेब्रुवारी

नवा की जुना? ही म्हणते, "याच्या खोड्या मला पाठ आहेत. नव्याशी पुन्हा पहिल्यापासून ओळख करायची?"

९ फेब्रुवारी

लेक स्वतःचा नवा लॅपटॉप घेऊन आली. "आई, आधी यावर खेळून बघ, मग ठरवा." खेळ लावताना म्हणाली, "एक नंबरवर ठेवते. सगळ्यात सोपा."

मी गारच! वर्गात पहिला तोच सगळ्यात हुशार, हे माझं गणित. त्यामुळे हिला सोपं जावं म्हणून मी आपल्या कॉम्प्युटरवर दहा नंबर लावून दिला होता — दहावा म्हणजे ढ! आठ वर्षं तो तसाच.

हिने दहा मिनिटांत लॅपटॉपला मात दिली. आनंद? छे! "याला काही येत नाही गं. बिघडलेला दिसतोय."

१० फेब्रुवारी

हिला सांगावं का? धीर होत नाही.

११ फेब्रुवारी

सांगून टाकलं. वाटलं, आता माझी धडगत नाही. हिने हातातली भाजी खाली ठेवली. मग — "म्हणजे सगळ्यात हुशाराचा वजीर मारला मी?" आणि थोड्या वेळाने, "अहो, जुनाच दुरुस्त करून आणा. नंबर दहाच राहू दे."