तुझ्याकडून कोण येणार?

६ जाने., सोम.
अबोल्याचा चाळिसावा दिवस. मोजते याची माझी मलाच लाज वाटते, पण मोजते. सुनील (यापुढे नुसतं सु., पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही) आणि मी एका घरात राहतो, आणि मध्ये नाना, माझे सासरे. निरोप त्यांच्यामार्फत.
आज डोकं दुखत होतं म्हणून शाळेत गेले नाही, तर स्वयंपाकघरातून ऐकलं. सु. नानांना म्हणाला, "तिला सांगा, भाजीत मीठ जास्त झालंय." नाना आत आले आणि मला म्हणाले, "पोरी, सुनील म्हणे, भाजी मस्त व्हयनी."
म्हटलं, मी ऐकलंय सगळं. मग काल मी सांगितलेलं, "झाकून ठेवलंय, हवं तर घ्या म्हणावं," त्याचं काय केलंत? तर म्हणे, "मी सांगं, तुनाकरता वंदना जेवाले थांबेल शे."
"नाना, मनाचं का जोडता?"
"मंग? तुमनं जसं शे तसं सांगं तं घर ऱ्हाई का?"
आधी हसू आलं, मग रडू. पंचाहत्तर वर्षांचा माणूस आमच्यासाठी दिवसभर खोटं बोलतोय. बास झालं. नवरा-बायकोला बोलतं करणारे समुपदेशक असतात म्हणतात. शोधणार. सुरतेत सगळं मिळतं, हेही मिळेल.

७ जाने., मंगळ.
अर्धी रजा टाकून एका सल्ला केंद्रात. टेबलामागच्या बाईंकडे छापील फॉर्म.
"मारता है?" नाही. "पीता है?" नाही. "बाहर कोई?" नाही. "बच्चे?" नाहीत. "अच्छा, तो ये बात है."
म्हटलं, नाही हो, ही बात नाही. त्यावर आम्ही दोघं एकत्र रडून मोकळे झालोत, दहा वर्षं झाली त्याला.
"तो फिर तकलीफ क्या है?"
बोलत नाही. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि समजावलं, घर आहे, भांड्याला भांडं लागतंच. त्यासाठी का मी रजा घालवली!

९ जाने., गुरु.
रिक्षात पाठीमागे स्टिकर: पती-पत्नी अनबन, चोवीस तासांत समाधान, फोटो आणा. लिंबं कापणारा बाबा असणार. तरी नंबर दोनदा वाचला, हे इथेच कबूल करते.
मग मोबाईलवर एक समुपदेशक बाई सापडली, व्हिडिओवर बोलते. गोड आहे, पण अर्ध्याहून जास्त इंग्रजी. सु. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये रंगखात्याचा सुपरवायझर. हिच्यासमोर तो मान हलवेल आणि घरी येऊन आणखी गप्प होईल. नाही जमणार. पुढचं.

१२ जाने., रवि.
लिंबायतहून मोठे दीर आणि वैनी आले. दादांनी बसल्या बसल्या जाहीर केलं, "सव्वीसला बैठक बसवू. आपली माणसं, बारडोलीचे मामा, तुझ्याकडून तुझा भाऊ. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."
सु. भिंतीकडे बघत होता. हो नाही, ना नाही.
बैठकीत काय होतं ते मी बघितलंय. मागच्या गल्लीतल्या रंजनाची झाली. तीनदा चहा, आणि शेवटी ठरलं, काही दिवस माहेरी राहू दे. ते काही दिवस अजून चालूच आहेत. माझ्या माहेरी तर आता आईही नाही. दोंडाईच्याला भाऊ आहे, पण घर त्याच्या बायकोचं.
मला फारकत नको. माहेर नको. मला हा माणूस बोलता हवाय, आणि तो २६ च्या आत. चौदा दिवस आहेत.

१४ जाने., मंगळ.
उत्तरायण. मिल बंद. सगळी सोसायटी गच्चीवर. सु. नेही दोन पतंग कापले आणि "काइपो छे" ओरडला. आवाज आहे म्हणजे अजून! माझ्याशी बोलायलाच नाही.
आईचं अजून… तेराव्याला हा आला नाही. त्या दिवसाचं भांडण, त्याच्यापुढे हा अबोला. आज नाही लिहिणार.

१७ जाने., शुक्र.
मिळाली!! शाळेतल्या जोशीबाईंच्या बहिणीला माहीत होती. अडाजणला बसते. गुजराती आहे. पहिलाच प्रश्न विचारला, मराठी? म्हणाली, "समजाय छे, मारुं मोसाळ नवापूर. पण बोलतां गोथां खाउं छुं." बोलताना अडखळेना का, आजोळ नवापूरचं म्हणजे आमची अहिराणीही कानावरून गेलेली असणार.
अट एकच, दोघांनी यायचं, आपल्या मर्जीने. शनिवार २५, दुपारी चार. बैठकीच्या आदल्या दिवशी. चालेल.

१८ जाने., शनि.
नानांना पाठवलं. शब्द पाठ करून घेतले, शाळेतल्या पोरांकडून घेते तसे: "अडाजणला एक बाई आहे, नवरा-बायकोचं ऐकून घेते. पंचवीसला चारला येणार का?" जोडायचं नाही, तोडायचं नाही.
नाना अर्ध्या तासाने आले. "येतो म्हणे."
बस एवढंच? "एवढंच."
हो म्हणाला!

२५ जाने., शनि.
सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
मी शाळेतून परस्पर गेले. दुसरा मजला. पाच मिनिटांनी जिन्यात पावलं, एकाची नाहीत. पुढे सु., मागे दादा, त्यांच्यामागे वैनी हातात थर्मास घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत बारडोलीचे मामा, टोपी घालून.
बाईने दार उघडलं. "ये सब?"
दादा म्हणाले, "हमारी तरफ के."
यांना वाटलं ही बैठकच! जागा तेवढी बदलली. माझं डोकं असं फिरलं, वाटलं, थर्मास घेऊन जिन्यावरून फेकावा. पण सु. माझ्याकडे बघत नव्हता, माझ्यामागे बघत होता. बाकावर, दाराशी, खाली जिन्यात. आणि एकोणसाठ दिवसांनी थेट मला बोलला.
"तुझ्याकडून कोण?"
"मीच."
"भाऊ नाही आला?"
"बोलावलाच नाही. बोलवायचा होता का?"
"मी नानांना विचारायला सांगितलं होतं, तुझ्याकडून कोण येणार म्हणून."
नानांनी तो निरोप दिलाच नव्हता.
सु. चपलांकडे बघत उभा राहिला. मग वळला. "दादा, तुम्ही सगळे खाली चहा घ्या."
"अरे, मग बैठक कशी होणार?"
"ती एकटी आलीय, दादा."
मामांनी दादांचा दंड धरला आणि तिघं खाली गेले. मला त्या क्षणी या माणसाचा इतका राग आणि इतकी माया आली की काय करावं समजेना.
आत फार काही झालं नाही. सु. मॅनेजरशी बोलावं तसं हिंदीत बोलायला लागला. बाई म्हणाली, "घर में जैसे बोलते हो, वैसे बोलो. मैं समझ लूँगी." त्यावर तो गप्पच झाला. शेवटी घरचा अभ्यास मिळाला: रोज दहा मिनिटं, मध्ये नाना नाहीत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. उलटून एक शब्द नाही. पुढे यायचं की नाही ते ठरवून फोन करा म्हणाली. मी मास्तरीण, मला उलटून बोलू नका सांगतेय.
घरी आल्यावर नानांना धरलं. तो निरोप का गिळलात? म्हातारा रडवेला झाला. "त्यानं विचारं, तिनाकडथून कोन ई? माले वाटनं, तुले तुनी माय याद ई. म्हनीसन नही सांगं."
मला आई आठवेल म्हणून! त्यांना गरम दूध दिलं.

२६ जाने., रवि.
बैठक झाली नाही. दादांचा फोन आला, खूप तापले होते. सु. एवढंच म्हणाला, "आमचं चालू आहे."
काय चालू आहे ते मलाही माहीत नाही. पण 'आमचं' म्हणाला.

२८ जाने., मंगळ.
सकाळी सहा दहा ते सहा वीस, मिलची बस यायच्या आधी. पाळी माझी. सगळं बोलले. आई गेली, तुम्ही स्मशानातून सरळ स्टेशनवर गेलात. तेराव्याला रजा मिळाली नाही म्हणालात. रजा मागितली तरी होतीत का? पाहुणे विचारत होते, जावई कुठे. मी सगळ्यांना खोटं सांगत फिरले.
त्याने ऐकलं. मध्ये बोलला नाही. कपातला चहा तसाच थंड.

२९ जाने., बुध.
पाळी त्याची. दहा मिनिटं मिक्सरचं झाकण फिरवत बसला. बस आली, गेला.

३० जाने., गुरु.
आज माझी पाळी होती. म्हटलं, माझी घ्या. बसले समोर. हलणार नाही, शाळेला उशीर झाला तरी बेहत्तर.
मग बोलला. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाचं, सहा वर्षांपूर्वीचं. शेवटच्या दिवशी त्या तीनदा म्हणाल्या, मनी सून कथा शे, कुठे आहे ती. हा म्हणत राहिला, येतेय, रस्त्यात आहे. मी रस्त्यात नव्हते. पेपर तपासत होते. हा कधी बोलला नाही, मला वाटलं विसरला. तुझ्या आईच्या वेळी पाय उचलेना म्हणाला. रजा मागितलीच नव्हती.
जिभेवर सगळं आलं होतं. मुख्याध्यापकांनी सोडलं नाही, मी दोनदा विचारलं होतं, मला कुठे माहीत की तोच दिवस… दात दाबून बसले. ऐकायचं म्हणजे ऐकायचं. सासूबाईंना मी हवी होते आणि मी नव्हते. माझ्याकडे कारण आहे, पण मी नव्हते हे खरंच.
उठताना म्हणाला, "मला माहीत नाही वंदना, आपण पुढे एकत्र राहायचं की नाही. खरंच माहीत नाही."
खाली बसचा हॉर्न. गेला. दिवसभर वर्गात काय शिकवलं देव जाणे.

३१ जाने., शुक्र.
ठरवलं. त्याला माहीत नसेल तर नसू दे, मला माहीत आहे. तो नाही आला तर एकटी जाईन. मधल्या सुट्टीत बाईंना फोन केला, उद्याची वेळ द्या.
म्हणाली, "कल चार बजे है ना? आपके मिस्टर ने ले लिया है."
कधी?
"कल सुबह. सात बजे फोन आया, मैं उठी भी नहीं थी ठीक से."
सातला तो मिलच्या बसमध्ये असतो. आजूबाजूला सगळं खातं बसलेलं असतं. म्हणजे मला 'माहीत नाही' म्हणून जिना उतरला, आणि चाळीस मिनिटांत तिथून, सगळ्यांसमोर.
आत्ता घरी आलाय. मला काही सांगितलेलं नाही. दहा मिनिटांच्या बाहेर अजून अबोलाच आहे. उद्या तिथे काय म्हणेल, राहतो की जातो, काही सांगता येत नाही.
तो बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करतोय. नाना झोपलेत. उठते आणि जाऊन विचारते, उद्या कितीला निघायचं.