पेटा तू खा

चोल्वे,

मी मका दळायला गिरणीवर जातेय. झोपेत खोकत नव्हतीस, म्हणून उठवलं नाही.

आधी पेज घे. शेंगदाण्याचं कूट भरपूर घातलंय. अर्धी पेज कोंबड्यांना घालू नकोस, मला सगळं कळतं. मग टीबीच्या गोळ्या. अंडी उकडून ठेवलीत. शेजारीण डोकावली की म्हणेल, "सुनेचे काय लाड चाललेत!" म्हणू दे. तिच्यासमोरच खा. नर्सबाई काय म्हणाल्या? नुसत्या गोळ्यांनी अंगात ताकद भरत नाही.

आणखी एक. काल कोंबडी शिजवलीस, तेव्हा पेटा वेगळा काढून लवेंदोच्या वाटीत झाकून ठेवलास. कोंबडीचा पेटा घरधन्याचा, हे तुला मीच शिकवलं. पण माझं लेकरू, लवेंदो, याच आजारानं गेलं गं. आता कुणासाठी ठेवतेस? मी वाटी उघडली, पाहिली, परत झाकली.

तो पेटा तू खा. कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव. मी येईपर्यंत वाटी रिकामी कर, बाई. भरलेली मला बघवत नाही.

आई