नूरी कशी चालते

नागपूर, ४ जानेवारी २०२५

ती. अब्बूंना अफ्रीनचा सलाम. वि. वि.

फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही शाब्बास म्हणून मोकळे होता, म्हणून लिहिते आहे. अम्मीलाही वाचून दाखवा.

वरातीत नाचताना आपल्या नूरी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) दुखावली. तिच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून आम्ही इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजात त्या शिरेत सोडल्या, कारण तुटलेलं सांधायला त्या मदत करतात. माझ्या अभ्यासातल्या काही घोड्यांना प्लेटलेटबरोबर पांढऱ्या पेशीही दिल्या, काहींना त्या काढून टाकून नुसत्या प्लेटलेट. तुम्ही विचारलंत, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या कशाला? अब्बू, वरातीत नाचणारी पोरं हवीतच, पण फार झाली तर मांडवाचे खांब हलवतात. पांढऱ्या पेशी जखम साफ करतात, तशी सूजही वाढवतात. शिरेला त्या किती हव्यात, हेच मला शोधायचं आहे. नूरीला काय मिळालं ते माझ्या गाईड सरांनी चिठ्ठी टाकून ठरवलं. मलाही ठाऊक नाही.

मार्चमध्ये तिच्या चालण्याचा व्हिडिओ पाठवा. तोवर वरातीला नेऊ नका, हा घरातल्या पहिल्या पदवीधराचा हुकूम.

तुमच्या दुआत राहणारी,
अफ्रीन

कारंजा, १६ मार्च

चि. अफ्रीनले अब्बूची दुआ.

व्हिडिओ पाठवला, पाह्यजो. नूरी अशी चालून राह्यली का जशी कधी लंगडलीच नाई. बँडवाला मोहनसिंग म्हणे, पोट्टीनं कमाल केली. म्या म्हटलं, डॉक्टर हाय ते, पुऱ्या खानदानात पह्यली. मे महिन्यातल्या वराती तो आपल्यालेच देतो म्हणते. घोडी बरी झाली असं तुह्या अभ्यासात लिहून टाक. अम्मी पुसते, जेवते का नाई.

तुहा अब्बू, दिलावर

नागपूर, २१ मार्च

ती. अब्बूंना सलाम. वि. वि.

व्हिडिओ पाहून आधी हसले, मग वाईट वाटलं. लगाम तुम्ही अगदी तोंडाजवळ धरलाय, म्हणजे दुखरा पाय टेकताना नूरीला मान झटकता येत नाही. रस्ता सोडून मऊ मातीत चालवलंय. मागे ढोल आहे, आणि ढोल ऐकला की ती दुखणं विसरते. बाजारात लंगडं जनावर असं खपवतात, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत, मी फसू नये म्हणून.

माझ्यासाठी केलंत, कळतं. पण ती लंगडत असेल तर तेही माझं उत्तरच आहे. खोट्या चालीवर मी काही लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या घोड्यावर चुकीचा उपचार होईल. डांबरी रस्त्यावर, दोरी सैल सोडून, ढोलाशिवाय पुन्हा चालवा. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची अफ्रीन

कारंजा, २८ मार्च

चि. अफ्रीनले दुआ.

पत्र वाचून राग आला. मंग वाटलं, अख्ख्या बाजारानं मले कधी पकडलं नाई, घरच्या पोट्टीनं नागपुरात बसून पकडलं. हसूच आलं.

काल चौकात डांबरीवर चालवली, दोरी सैल. तुह्या बहिणीनं, नमरानं, व्हिडिओ काढला. डावा पाय टेकला का नूरी मान वर झटके. सारे पाहून राह्यले होते. मोहनसिंग म्हणे, "दिलावरभाई, काहून चारचौघात दाखवता? वराती जातीन." म्या म्हटलं, "जाऊ दे. माह्या पोरीले खरं पाह्यजे." त्यानं दुसरी घोडी ठरवली.

पह्यल्यापेक्षा कमी लंगडते, हे म्या घोडेवाला म्हणून सांगतो. व्हिडिओत तुले दिसलं तं तेवढंच लिहिजो. एक अक्षर जास्ती नको, बाप म्हणते म्हणून बी नको.

तुहा अब्बू, दिलावर