डुगडुगती खुर्ची आणि एक रुमाल

बालकल्याण कार्यालयातल्या बाई,

तुमच्या भेटीच्या खोलीतली आईची खुर्ची डुगडुगते, ही माझी अत्यंत गंभीर तक्रार आहे. तिच्यावर तोल सावरत बसले, तर तुम्ही अहवालात लिहिलंत, ‘आई अस्वस्थ.’

मी रात्रपाळीला गेले होते आणि लेक घरात एकटी सापडली, म्हणून तुम्ही तिला सांभाळायला एका परक्या पालक कुटुंबाकडे दिलंत. पहिल्या भेटीत तिला पाहून मला रडू फुटलं. तुम्हीच आपला रुमाल पुढे केलात आणि मग लिहिलंत, ‘भावनांवर ताबा नाही.’ पुढच्या भेटीत ओठ दाबून बसले, तर ‘मुलीविषयी ओलावा नाही.’ आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना म्हणतात; तुम्ही दोन्ही पदं एकटीनं सांभाळता.

काल निकाल लागला. ती तिकडेच राहणार. भेटीच्या खोलीतून निघताना लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, इथे रडू नकोस हं. बाई लिहितात."

एवढीशी पोर, पण केवढी शहाणी केलीत!

हे पत्र पाठवणार नाही. तेही फायलीला लागेल. रुमाल मात्र धुऊन, इस्त्री करून आज तुमच्या शिपायाकडे दिला.

— अजूनही तिची आई