स्कूटरला बाशिंग

१ डिसेंबर, रविवार. सकाळ.
आजच्या हिंदी पेपरात देवयानीचा फोटो. चार कॉलमी. जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या सरकारी शाळेतल्या मुली, त्यांच्या हातात पुठ्ठे, वायरी, छोट्या मोटारी. मधोमध देवयानी, आमच्या कॉलेजच्या डिझाइन विभागातली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मथळा: ‘गाँव की बेटियाँ बनीं डिज़ाइनर’. मला आनंदच झाला. मत्सर वगैरे काही नाही, नोंद असावी म्हणून लिहितो. इतकंच, की मी जयपुरात सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवतोय आणि माझा फोटो आजवर एकदाच छापून आलाय. हेल्मेट न घालणाऱ्यांच्या बातमीत. पाठमोरा.

बायकोने, म्हणजे विनयाने, फोटो बघून ‘किती गोड’ म्हटलं. दोनदा. माझ्या चहात मात्र साखर नव्हती.

दुपार.
संकल्प. आपणही गरीब मुलींना डिझाइन आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित वगैरे, शिकवायचं. समाजोपयोगी. तिच्याकडे चौमूं असेल, माझ्याकडे राजधानी आहे. संक्रांतीपर्यंत माझा फोटो. पाच कॉलमी.

४ डिसेंबर.
संस्थेचं नाव ‘उन्नयन’. तीन दिवस लोगोत गेले. बल्ब, बल्बात चक्र, चक्रात मुलगी. तनया म्हणाली, बाबा, मतलब ही मुलगी कुकरमध्ये का बसली आहे? या मुलीला अकरावीला सायन्स देऊन चूक केली.

८ डिसेंबर, रविवार.
शुभारंभ! आदर्श नगरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुलोचनाजी यांनी वर्ग उघडून दिला. सातवी-आठवीच्या मुली, खोली भरून. माझा परिचय मीच करून दिला. पाऊण तास लागला, पण पाया भक्कम हवा. मग कचोरी.

सुमन नावाच्या आठवीतल्या मुलीने विचारलं, सर, आज कुछ बनाएँगे? मी समजावलं, डिझाइनमध्ये आधी समस्या शोधायची असते. तर तिने लगेच सांगितली. गेल्या संक्रांतीला मोटरसायकलवरून जाताना तिच्या वडिलांची मान मांज्याने कापली. टाके पडले. आता जानेवारी लागला की तिची आई गाडीची किल्ली लपवते. सगळ्या मुली एकदम बोलायला लागल्या. कुणाचा काका, कुणाचा मास्तर, कुणाचं कबूतर.

मी शांत केलं. म्हटलं, ही समस्या सीझनल आहे. समस्या मी घरूनच निवडून आणली होती: आपोआप हात धुणारं यंत्र. एकीने विचारलं, शाळेच्या नळाला पाणीच येत नाही, तर यंत्रात कुठून येणार? प्रश्न चांगला होता. पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात घेईन.

१५ डिसेंबर, रविवार.
निम्म्या मुली. थंडी. शिवाय प्रोजेक्टर लागला नाही, म्हणून स्लाइड्स तोंडी सांगितल्या.

२२ डिसेंबर, रविवार.
चार मुली. हरकत नाही, निवडक बॅच बरी.

संध्याकाळ.
बाकीच्या कुठे गेल्या ते कळलं. देवयानी रविवारी चौमूंच्या मुलींना बसने आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणते. माझ्या मुली ई-रिक्षा करून तिथे जातात. माझ्या! माझ्याच कॉलेजात! कारण काय, तर तिथे ड्रिल हातात मिळतं. मी ड्रिल दिलं नाही, कारण माझ्याकडे नाही. असतं तरी दिलं नसतं. आधी थिअरी.

कळस म्हणजे हे मला विनयाने सांगितलं, कारण तीही तिथेच असते. वेल्डिंग शिकतेय. सव्वीस वर्षांत माझ्या एका लेक्चरला बसली नाही, आणि आता ठिणग्या उडवते. जेवताना तीन वेळा देवयानीचं नाव निघालं. तनयाने विचारलं, बाबा, तुम्हाला मॅमची जेलसी होते आहे का? मी तिला जेलसी आणि तत्त्व यांतला फरक समजावला. ती मधेच उठून गेली.

२९ डिसेंबर, रविवार.
आज सुट्टी जाहीर केली. मी वर्गात एकटाच होतो, त्यामुळे विरोध झाला नाही.

घरी येऊन पाहतो तर माझ्या स्कूटरला जाड तारेची कमान! हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या डोक्याहून उंच, वर मधोमध एक आकडा. सुमनचं डिझाइन, विनयाचं वेल्डिंग. मांजा कमानीला अडतो, सरकत वर आकड्यात जातो आणि तुटतो म्हणे. मला न विचारता बसवली. स्कूटरला बाशिंग बांधल्यासारखं दिसतंय. गेटवरच्या सुखदेव भैयाने विचारलंच, साहब, बारात कहाँ जा रही है?

संकल्प: उद्या सकाळी कमान काढणे.

३० डिसेंबर.
पाना सापडला नाही.

२ जानेवारी.
पाना सापडला. बाराचा. नट दहाचा.

७ जानेवारी.
दहाचा पाना आणला. पण नट आणखीच घट्ट बसला. बहुधा उलटीकडे फिरवला. कारागिरी सदोष आहे, वस्तू काढायची सोय ठेवलेली नाही. देवयानीने हे शिकवायला नको होतं का? कॉलेजात चौघांनी कमान कुठे मिळते म्हणून विचारलं. मी माहीत नाही म्हटलं.

९ जानेवारी.
निर्णायक योजना. १४ तारखेला ‘उन्नयन’चं भव्य प्रात्यक्षिक. हात धुण्याचं यंत्र मी स्वतःच बनवलंय, मुली ते हातात धरतील. सुट्टीचा दिवस, सगळ्या मोकळ्या. आमच्या सांगलीकडे संक्रांतीला सकाळी कुणाला काही काम नसतं. विनया म्हणाली, अहो, ही सांगली नाही, त्या दिवशी इथे पतंग सोडून गच्चीवरून माणूस जेवायलासुद्धा उतरत नाही. तनयाही तेच म्हणाली. दोघी देवयानीच्या गोटातल्या, त्यामुळे मत ग्राह्य धरलं नाही.

पेपरातल्या वार्ताहराला, अभिषेकला, फोन केला. देखते हैं, म्हणाला. म्हणजे नक्की.

१४ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११.
शाळेत मी, यंत्र आणि सुलोचनाजी. सुलोचनाजींनी तिळाची गजक दिली आणि गच्चीवर गेल्या. चहूकडून ‘वो काटा’ ऐकू येतंय. अभिषेक फोनवर म्हणाला, तो जवाहर नगरच्या चौकात आहे, देवयानी मॅडमच्या मुली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांना कमानी बसवतायत, बढ़िया स्टोरी है. माझी स्टोरी? बाद में, सर.

मी यंत्र डिकीत घातलं. आता मीच चौकात जातो आणि त्याला हाताला धरून आणतो.

दुपारी ३.
पलंगावर आडवा पडून लिहितोय. सुवाच्य अक्षराचा आग्रह नाही.

चौकाच्या जरा अलीकडे समोर उन्हात काहीतरी चमकलं. मग कमानीवर टण् असा आवाज. मांजा माझ्या गळ्यासमोर, हातभर अंतरावर, तारेला ताणून बसलेला. तसाच सरसर वर गेला आणि तुटला. मी ब्रेक लावला आणि आडवा झालो. मानेला हात लावून बघितला. मान होती.

सगळ्यात आधी सुमन धावत आली. मागून विनया. ती रस्त्यातच रडली, मला न रागावता. मी घाबरलो होतो. आणि शेजारी देवयानी गुडघे टेकून मला पाणी पाजत होती, तेव्हासुद्धा मनात एकच होतं: ही कमान माझ्या वर्गात झाली असती. जळतं ते जळतंच.

अभिषेक फोटो काढत होता. सुमनने त्याला सांगितलं, ही समस्या तिने पहिल्यांदा विलास सरांच्या क्लासमध्ये मांडली होती. मी तिला काय उत्तर दिलं होतं, ते तिने सांगितलं नाही. मी मान हलवली. हलत होती.

१५ जानेवारी.
फोटो आला. पाच कॉलमी! हेल्मेट तिरकं, तोंड उघडं, एक हात गळ्यावर. मथळा: ‘बेटियों की कमान ने बचाई बुज़ुर्ग की जान’. खाली: देवयानी मॅडमच्या मुली, आणि उजवीकडे लाभार्थी.

बुजुर्ग! चोपन्नाव्या वर्षी! माझ्या क्लासचं वाक्य कापलंय. नावही नाही. देवयानी तिळगूळ घेऊन आली, गोड बोला म्हणाली. मी तिळगूळ घेतला. विनयाने कात्रण फ्रिजवर लावलंय.

सुमनचा निरोप: मांजा कुठे लागला, वेग किती होता, हे सगळं विचारायचंय, पुढची कमान सुधारायचीय. रविवारी दहाला वर्कशॉपमध्ये यावं. शिकवायला नाही, सांगायला. शक्य असेल तर हात धुण्याचं यंत्रही आणावं, त्यातली मोटर त्यांना हवी आहे.

जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी सव्वानऊ.
वर्कशॉपला अजून कुलूप आहे. मोटर सोडवून आणलीय. पायरीवर बसलोय.