माठाच्या झाकणावरची गोळी

३ ऑगस्ट
माठाच्या झाकणावर गोळी! पांढरी. बरोब्बर मधोमध. हे ड्युटीवर जाताना माझ्या गुडघ्यासाठी ठेवायचे तश्शी — ‘उपाशी पोटी घेव नको गो.’ हे जाऊन येत्या दिवाळीत वर्ष होईल. (ह्यांचं नाव कधी घेतलं नाही, वहीत तरी कुठून घेणार.) चहाबरोबर घेतली. रुपालीला काही बोलले नाही. सून चांगली आहे, पण म्हातारीला वेड लागलं म्हणेल.

४ ऑगस्ट
आजही.

८ ऑगस्ट
रोज असते. काळाचौकीच्या नाक्यावरून आणलेली गुडघ्याची लाल गोळीही चालूच आहे. ती गुपचूप. रंग वेगळा म्हणजे गोळी वेगळी, काय बिघडतंय! पण पोटात नुसती आग आग. हे मला बोलावतायत की काय? भीती वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

११ ऑगस्ट
शौचाला काळं, डांबरासारखं. लिहायला लाज वाटते. मोरीत भोवळ आली, रुपालीने धरलं म्हणून वाचले.

१५ ऑगस्ट
हॉस्पिटलमधून घरी. डॉक्टरीणबाई जाम चिडल्या — दुखण्याच्या दोन-दोन गोळ्या एकत्र? रंग कुठलाही असो, पोटाची वाट दोन्ही तशीच लावतात. आतून रक्त जात होतं म्हणे. आता दोन्ही बंद.

रुपाली रडायला लागली. पांढरी तीच ठेवत होती! हिंदमाताजवळून आणलेली, कापलेल्या पाकिटातली, वर नावसुद्धा नाही. म्हणाली, “हातात दिली की तुम्ही नको म्हणता, आई. बाबा ठेवायचे तशी ठेवली.” लाल गोळीचं तिला ठाऊकच नव्हतं. पोरीवर काय रागावू?

म्हणजे हे आलेच नव्हते. उशीत तोंड घालून रडले.

१९ ऑगस्ट
गुडघा ठणकतोय. डॉक्टरीणबाईंची साधी गोळी पुरत नाही. उरलेल्या लाल गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्यात. मुलगा आणि रुपाली तिच्या माहेरी गेलेत, घरात मी एकटी. एका गोळीने काय होतंय? सकाळी चहाबरोबर घेणार. ठरलं.

२० ऑगस्ट
दाराची कडी आतून मी लावलेली, तशीच आहे. तांदळाचा डबा उघडा. लाल गोळ्या मोरीत विरघळल्यात. रिकामं पाकीट माठाच्या झाकणावर. बरोब्बर मधोमध.

जयवंत, नाही घेत मी.